दारातला जुना टेम्पो कामाला लावताना

भाड्याच्या धंद्यातून बाहेर पडलेला चारशेसात, मार्केट यार्डाच्या फेऱ्या थांबलेली पिकअप, नाहीतर रंग उडालेला छोटा हत्ती. महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांवर आणि वाड्यांवर अशी एखादी गाडी गोठ्याच्या कडेला उभी असते. लांब पल्ल्याच्या रस्त्याला तिचा उपयोग संपलेला असतो. घरची कामं मात्र ती अजून बरीच वर्षं करू शकते. उकिरड्यावरचं शेणखत रानात पोचवायचं, अंगणात मुरूम टाकायचा, उन्हाळ्यात पाण्याची टाकी आणायची, कडबा, सरपण, विटा, चिरे वाहायचे. या सगळ्या कामांत ओझं मोठं असतं, पण अंतर थोडं आणि वेग कमी. वय झालेल्या गाडीला असंच काम मानवतं.

अडचण येते ती आपल्या सवयीमुळे. 'आजवर कधी बंद पडली नाही' एवढ्याच आधारावर आपण तिच्यात हौदा काठोकाठ भरतो, वर चार माणसं बसवतो आणि उताराला लागतो. गाडी बंद पडली तर फार तर एक दिवस वाया जातो. ब्रेक लागला नाही तर माणूस जातो. म्हणून जुन्या गाडीवर विसंबायचं असेल तर वजन मोजून भरणं, ब्रेक आणि टायर डोळ्यांनी पाहूनच निघणं आणि कागद चालू ठेवणं या तीन गोष्टींत कसूर नको. पुढचं सगळं मार्गदर्शन याच तीन गोष्टींभोवती आहे.

कोणत्या गाडीला कोणतं काम

आपल्याकडे घरकामाला उरलेल्या जुन्या मालगाड्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिला टाटा ४०७. ही गाडी १९८६ मध्ये बाजारात आली आणि मजबूत चॅसी, मागची जोडचाकं आणि सगळीकडे मिळणारे सुटे भाग यांमुळे गावोगाव रुजली. मुरूम, विटा, चिरे अशा जड मालाला ती योग्य. दुसरी महिंद्राची पिकअप. घरापासून रानापर्यंतच्या कच्च्या वाटेला आणि सव्वा-दीड टनाच्या ओझ्याला ती पुरते. तिसरा २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. अरुंद बोळात, वाड्याच्या दारात, बागेच्या कडेला तो सहज वळतो. पण त्याची क्षमता सुरुवातीच्या मॉडेलात साधारण पाऊण टनाची आहे, हे विसरून चालत नाही. क्वचित कुठे आकुर्डीला बनलेली मॅटाडोरही अजून चालू हालतीत सापडते. तिचे भाग मात्र आता शोधावे लागतात, त्यामुळे नव्याने घ्यायची असेल तर ती टाळलेली बरी.

जुन्या डिझेल गाड्यांचा मोठा फायदा म्हणजे त्यांचं इंजिन साधं असतं. डिझेलचा पंप यांत्रिक, मध्ये संगणक नाही. गावातला मिस्त्री पाने आणि फिलर गेज घेऊन बहुतेक दुरुस्ती दारातच करतो. नव्या गाड्यांत सेन्सर बिघडला की लॅपटॉप जोडणारा माणूस लागतो, आणि तो तालुक्याला असतो.

घरात ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर शेणखत, गाळ आणि मुरूम यांसाठी तीच वापरा. ट्रॉली आपोआप उलटते, फावडं मारावं लागत नाही, आणि ढेकळांतून ट्रॅक्टर निघतो तसा टेम्पो निघत नाही. टेम्पोचा फायदा आहे तो डांबरी रस्त्यावरून दहा-वीस किलोमीटर जायचं असेल तिथे, माल पावसापासून झाकून आणायचा असेल तिथे आणि जागा अरुंद असेल तिथे. दोन्ही वाहनं असतील तर कामं अशी वाटून द्या.

हौदा किती दिसतो, गाडी किती पेलते

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

गाडीच्या आरसी पुस्तकात दोन आकडे असतात: एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे कायद्याने भरता येणारा माल. पण जुन्या गाडीचं रिकामं वजन पुस्तकातल्याएवढं राहिलेलं नसतं. मधल्या काळात कुणीतरी हौद्याला जाड पत्रा ठोकलेला असतो, बाजूचे फाळके उंच केलेले असतात, मागे लोखंडी जाळी लावलेली असते. म्हणून पहिलं काम हे करा: गाडी रिकामी करा, टाकीत नेहमीएवढं डिझेल ठेवा आणि वजनकाट्यावर घेऊन जा. साखर कारखाना, जिनिंग, बाजार समिती किंवा भंगारवाल्याचा काटा, कुठेतरी जवळ काटा असतोच. मिळालेला आकडा एकूण वजनातून वजा करा. उरलेला माल ही आपली खरी मर्यादा. पंधरा-वीस वर्षं झालेल्या गाडीला याच्याही पाऊणपटच भरावा, असा माझा आग्रह आहे. पाटे थकलेले असतात, चॅसीला आतून गंज असतो, ब्रेकची ताकद नव्या गाडीएवढी नसते.

आता मालाकडे या. पाण्याचा हिशेब सोपा: हजार लिटर म्हणजे एक टन. छोट्या हत्तीवर हजार लिटरची टाकी ठेवून ती काठोकाठ भरली की गाडी मर्यादेपलीकडे गेलीच. विटा हजार नग म्हणजे साधारण तीन टन. सिमेंटची वीस पोती म्हणजे एक टन. कोकणातला जांभा चिरा एक नग पंचवीस-तीस किलोचा, म्हणजे पन्नास चिरे लावले की पिकअप भरली असं समजा, हौदा अर्धा रिकामा दिसला तरी.

खरी फसगत होते ती वाळू आणि मुरमाच्या बाबतीत. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि कोरड्या वाळूचा किंवा मुरमाचा ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. म्हणजे एका घनफुटाला पंचेचाळीस किलो. पिकअपचा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला तर त्याचा तळ जवळजवळ पन्नास चौरस फुटांचा होतो. दीड टन मुरूम या तळावर पसरला तर थर होतो फक्त आठ इंचांचा. आठ इंच! हौद्याचे फाळके त्याच्या दुप्पट उंच असतात, आणि जेसीबीवाला एका दमात ते भरून टाकतो. पावसाने भिजलेला मुरूम आणि तलावातला ओला गाळ याहून जड.

यावर एक उपाय आहे. आपल्या गाडीच्या हौद्याचं माप घ्या, वरचा हिशेब करा आणि हौद्याच्या आतल्या बाजूने पिवळ्या रंगाची एक रेघ मारा: मुरूम, वाळू, गाळ इथपर्यंतच. शेणखतासाठी दुसरी रेघ. चांगलं कुजलेलं कोरडं खत घनफुटाला पंधरा-वीस किलोच भरतं, त्यामुळे ती रेघ बरीच वर येईल. भरणारा माणूस कुणीही असो, रेघ दिसली की वाद राहत नाही.

भरणं आणि बांधणं

जड माल मागच्या चाकांच्या किंचित पुढे, हौद्याच्या मधोमध हवा. सगळं ओझं शेपटीकडे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं आणि चढावर गाडी वळत नाही. सगळं केबिनकडे गेलं तर ब्रेक दाबताना गाडी नाक खुपसते. चिरे किंवा विटा रचताना पहिली रांग केबिनच्या बाजूच्या पत्र्याला टेकवा, नाहीतर अचानक ब्रेक लागला की पूर्ण थप्पी पुढे सरकते.

पाण्याच्या टाकीबद्दल आणखी एक गोष्ट. टाकी पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी. अर्धी भरलेली दोन हजार लिटरची टाकी सगळ्यात धोकादायक असते, कारण वळणावर आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला त्याच बाजूला ढकलतं. गरज हजार लिटरचीच असेल तर हजारचीच टाकी ठेवा आणि ती भरून आणा. टाकी नुसत्या दोरीवर सोडू नका. खाली जाड फळ्यांची चौकट करून तिला चारही बाजूंनी अडकवा, म्हणजे ती घसरणार नाही.

कडबा आणि वाळलं गवत हलकं असतं, म्हणून लोक ते उंच रचतात. इथे वजनापेक्षा उंचीचा प्रश्न. रानातून जाणाऱ्या विजेच्या तारा उन्हाळ्यात सैल होऊन खाली येतात, आणि उंच रचलेला कडबा तारेला लागला की क्षणात पेटतो. भरण्याआधी येण्या-जाण्याची वाट पायी चालून तारा कुठे खाली आहेत ते पाहून या. सायलेन्सरचा पाइप हौद्याखालून कुठे बाहेर पडतो तेही बघा. त्यावर सुका पालापाचोळा साचलेला असेल तर काढून टाका. गाडीत एक चालू हालतीतलं अग्निशामक आणि पाण्याचा कॅन असू द्या.

फाळका उघडताना समोर उभं राहू नका. माल रस्त्यात हलून फाळक्याला टेकलेला असतो. बाजूला उभं राहून आधी एकच कडी सोडा, फट पाहा, माल दाबत असेल तर वरून थोडा काढा आणि मग दुसरी कडी सोडा. चिरे आणि ओंडके उतरवताना तर हे विसरूच नका.

आणि भरलेल्या हौद्यावर माणसं बसवू नका. सुगीत, खताच्या दिवसांत मजूर मालावर बसून येतात. मालक नको म्हणत नाही, कारण दुसरी फेरी वाचते. मालगाडीच्या हौद्यात माणसं नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेते, आणि घरातली कमावती व्यक्ती गमावलेलं कुटुंब कोर्टाच्या फेऱ्या मारत राहतं. केबिनमध्ये जेवढ्या जागा आरसीवर लिहिल्या आहेत तेवढीच माणसं गाडीतून जातील, बाकीची चालत किंवा दुसऱ्या वाहनाने. हा नियम घरच्या प्रत्येकाने पाळलाच पाहिजे.

चालवताना

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची. सगळे टायर, जोडचाकांच्या मधे अडकलेला दगड, खाली तेलाचा किंवा डिझेलचा डाग, लाइट, आरसे. मग इंजिन चालू करून ब्रेकचं पेडल दाबून धरायचं. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर गाडी हलवायची नाही. पाच-सहा पावलं पुढे जाऊन एकदा ब्रेक लावून पाहायचा आणि मगच फाटकाबाहेर पडायचं.

घाटात, टेकाडावर किंवा नदीकाठच्या उतारावर भरलेली गाडी उतरवताना ज्या गिअरने चढली असती त्याच गिअरने उतरवा. डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. या गाड्यांच्या ब्रेकला इंजिनच्या व्हॅक्युमची मदत असते. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर ती मदत संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. ओढ्यातून पाण्यात चाकं बुडवून बाहेर आलात तर पुढे थोडं अंतर हलका ब्रेक दाबून लायनर कोरडे होऊ द्या.

काळ्या रानात गाडी रुतली की ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाक जितकं फिरेल तितकं खोल जाईल, आणि जुन्या गाडीची क्लच प्लेट त्यातच जळते. निम्मा माल उतरवा, चाकापुढची माती फावड्याने काढा, तुराट्या, दगड किंवा रिकाम्या गोणी टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर साखळी चॅसीच्या हुकालाच अडकवा, बंपरला नाही. साखळी ताणलेली असताना तिच्या आसपास कुणीही उभं राहायचं नाही, कारण तुटलेली कडी गोळीसारखी येते.

अंगणात गाडी मागे घेताना सगळ्यात जास्त सांभाळा. उंच हौद्यामागचं लहान मूल आरशात दिसत नाही. मागे माणूस उभा केल्याशिवाय आणि घरातली मुलं कुठे आहेत हे विचारल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. मागे उभा असलेला माणूस गाडीच्या थेट मागे नको. बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा हवा. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

वर्षाची कामं, गाडीच्या सोयीने

जड कामं कोरड्या दिवसांत उरकून घेतली की गाडीचे आणि माणसांचे निम्मे हाल वाचतात. सुगीनंतर ज्वारीचा कडबा वाहायचा. मार्च ते मे या काळात तलावातला गाळ, अंगणातला आणि गोठ्यासमोरचा मुरूम, बांधबंदिस्तीचे दगड. शेणखत पावसाच्या तोंडावर, पण रान भिजण्याआधी. सरपण वैशाखातच आणून पडवीत रचायचं. तोडून महिना-दोन महिने वाळलेलं लाकूड बरंच हलकं होतं, म्हणून तोडलं त्याच दिवशी वाहून आणायची घाई करू नका. पावसाळ्यात गाडी फक्त पक्क्या रस्त्याला वापरा आणि पाणंदीत घालू नका. गाडीही रुतते आणि सगळ्यांच्या वापराची वाटही खराब होते.

गाळ आणि मुरूम यांत एक फरक आहे. राज्य सरकारच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत, जी २०१७ मध्ये सुरू झाली, मान्यता मिळालेल्या तलावातला गाळ शेतकऱ्याला शेतात टाकण्यासाठी स्वामित्वधन न भरता नेता येतो. मुरूम, वाळू आणि दगड मात्र गौण खनिज आहे. ते नेण्यासाठी तहसील कार्यालयाची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो. घरच्या अंगणासाठी आणतोय हे कारण चालत नाही. पास नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो आणि गाडीही ताब्यात घेतली जाते. खाणीवरून माल घेताना पास आपल्या गाडीच्या नंबराचा आहे ना, तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हे निघण्याआधी वाचून घ्या.

उभ्या गाडीची निगा

घरकामाची गाडी चालते थोडी आणि उभी राहते फार. ती खराब होते ती बहुतेक उभी असतानाच.

गाडी उघड्या मातीवर लावू नका. दगडी फरशी, कोबा किंवा निदान जाड मुरमाचा थर हवा, आणि वर पत्रा. फार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, कारण दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पंधरा दिवसांतून एकदा गाडी चालू करून आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी नीट भरत नाही, तेल गरम होत नाही आणि ब्रेकही मोकळे होत नाहीत. पावसाळ्याआधी डिझेलची टाकी भरून ठेवा, कारण रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा पाणी होऊन साचतो. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का हे दर वेळी पाहा. गोठ्याजवळ उभ्या गाड्यांना हा त्रास हमखास होतो.

शेणखत, युरिया आणि मीठ हे पत्र्याचे शत्रू. खत वाहून झालं की त्याच दिवशी हौदा धुवा. वरून धुतलं की काम संपलं असं नाही. हौद्याच्या कोपऱ्यांतून पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी करा, आणि पाइप घेऊन चॅसी, पाट्यांच्या मधल्या फटी आणि मडगार्डच्या आतली बाजू धुवा. खताचा ओला थर तिथेच बसतो आणि दोन पावसाळ्यांत पत्रा खाऊन टाकतो. वाळल्यावर चॅसीला गंजरोधक रंग द्या. किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे हे दर वर्षी करावं लागतं.

तेल किलोमीटरवर बदलायचं, की महिन्यांवर? घरकामाच्या गाडीला महिन्यांवर. फिरणं कमी झालं तरी तेल जुनं होतंच, म्हणून वर्षातून एकदा इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि ब्रेक तापला की ते पाणी उकळतं. किंगपिन, शॅकल आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला दर मोठ्या कामाआधी ग्रीस मारा. रबराचे होज पाइप आणि फॅन बेल्ट बोटांनी दाबून पाहा. भेगा दिसल्या तर रस्त्यात फुटायची वाट पाहू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं समजू नका. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. उन्हात उभ्या गाडीचं रबर न वापरताही कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर भरलेल्या गाडीला नको.

पंक्चर झालं तर आधी माल उतरवा. मुरमाड किंवा मऊ जमिनीवर जॅकखाली जाड फळी ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. ओंडक्यांचा किंवा लोखंडी स्टँडचा भक्कम आधार दिल्याशिवाय मिस्त्रीलाही शिरू देऊ नका.

कागद

'गाडी रानातच फिरते, तिला कागद कशाला' हे वाक्य फार ठिकाणी ऐकू येतं. पण ज्या वाटेवर लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती जागा कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिकच. म्हणजे गावची पाणंदही त्यात आली. तिथे गाडी न्यायची तर नोंदणी, विमा, पीयूसी आणि फिटनेस चालू हवं.

आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीला फिटनेस प्रमाणपत्र दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दर वर्षी घ्यावं लागतं. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे, आणि राज्यात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर वेगळा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणंही बंधनकारक आहे. दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांच्या डिझेल नियमामुळे आपल्याकडे अनेक जण घाबरून गाडी भंगारात काढतात. तो नियम महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडे गाडी फिटनेसमध्ये पास झाली तर चालवता येते.

ज्या मालगाडीचं एकूण वजन तीन हजार किलोंपेक्षा जास्त नाही तिला वाहतूक परवाना लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो, चारशेसात बसत नाही. लायसन्सचा गोंधळही आता मिटला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्या व्यक्तीला साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही.

जादा माल भरल्याचा दंड मोटार वाहन कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा आहे. हौद्याबाहेर डोकावणाऱ्या मालालाही वीस हजारांची तरतूद आहे. एका फेरीचं भाडं वाचवण्यासाठी असा धोका घेणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

जुनी गाडी नव्याने घेणार असाल तर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः खरवडून आरसीशी ताडून पाहा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, थकलेली चलनं आणि कर यांची खातरजमा झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चॅसीवर हातोडी हलकेच मारून ऐका. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, भद्द आवाज आला तर आत गंज. रंग ताजा मारलेला असेल तिथे आणखी बारकाईने पाहा.

ठेवावी की द्यावी

एक वही करा. विमा, फिटनेस, कर, बॅटरी, टायर, तेल, मिस्त्री असा वर्षाचा खर्च लिहा. त्याखाली वर्षभरात गाडीने केलेल्या फेऱ्या आणि त्या फेऱ्यांना गावात पडलं असतं ते भाडं लिहा. भाड्याची बेरीज खर्चापेक्षा बरीच कमी असेल तर गाडी ठेवण्यात अर्थ नाही. दोन-तीन घरांनी मिळून एकच गाडी ठेवण्याचा विचार करा, मात्र खर्चाची वाटणी आणि चालवणारा माणूस आधीच ठरवा. चॅसीला जोड द्यावा लागला, फिटनेसला दर वेळी ब्रेकवरच अडलं किंवा मिस्त्रीने 'आता हिच्यात ओझं नको' असं सांगितलं, तर ऐका. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी देऊन नोंदणी रद्द करून घ्या. नुसती भंगारवाल्याला विकली तर ती कागदोपत्री तुमच्याच नावावर फिरत राहते.

बाकी गाड्यांना अजून पुष्कळ काम आहे. या आठवड्यात दोन गोष्टी कराच: गाडी रिकामी करून काट्यावर नेऊन वजन घ्या, आणि 'यापेक्षा जास्त माल नाही, हौद्यात माणसं नाहीत' ही ओळ मर्यादेच्या आकड्यासह फाळक्यावर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. गाडी कुणीही भरो, कुणीही चालवो, नियम सगळ्यांना एकच राहू द्या.